मंगसीरची अमावास्या

दिवाळी होऊन आठवडा उलटला होता. आकाशकंदील उतरवून मी माळ्यावर टाकला होता, फराळाच्या डब्यांत चुरा तेवढा उरला होता, आणि सरावलीच्या वाडीतला माझा राखणदार समोर उभा राहून सांगत होता की त्याची दिवाळी अजून व्हायची आहे.

"कुणाची?" मी विचारलं.

"आमची. गावची. मंगसीरच्या अमावसेला. पंधरा दिवस सुट्टी दे, शेट."

हा माणूस मला 'दे' म्हणतो, 'द्या' म्हणत नाही. पहिल्या वर्षी याचा मला फार राग यायचा. नंतर लक्षात आलं की मराठी तो माझ्याकडून नाही, चिकू तोडायला येणाऱ्या बायकांकडून शिकला. त्या तलासरीकडच्या डोंगरपाड्यांवरून येतात आणि त्यांच्यात लहानथोर सगळ्यांना 'तू'च. उद्या कलेक्टर आला तरी त्याला म्हणतील, 'तू बस, पाणी पी.' हा राखणदार मूळचा हिमालयातल्या एका लहानशा डोंगरी जिल्ह्यातला. दिल्लीला माझे चिकू नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने तीन वर्षांपूर्वी त्याला आणि त्याच्या बायकोला आणून माझ्या वाडीत उतरवलं होतं. माणूस शांत, कामाला चोख. मला शांत माणसांचा भरवसा वाटत नाही. बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय ते निदान बोलण्याच्या फटीतून दिसतं.

दिवाळीचे कपडे त्याने घेतले होते. मिठाईचा पुडा घेतला होता. आणि आता एकाच वर्षात दुसरी दिवाळी.

"दिवाळी सगळ्या देशात एकाच दिवशी असते," मी म्हणालो.

"आमच्याकडं तेव्हा आलं खणायचं असतं," तो म्हणाला. "गवत कापून झाडावर रचायचं असतं. बर्फ पडायच्या आत. कामं उरकली की मंग दिवाळी. एक महिन्यानं."

मी तीस वर्षं भाव करत आलो आहे. डहाणू रोड स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसायचो, तिथपासून आज दोन वाड्या वर्षाच्या बोलीने घेतो, इथपर्यंत जे काही केलं ते समोरच्याचं बोलणं खोटं धरून केलं. समोरचा जे मागतो ते त्याला हवं नसतं. जे हवं असतं ते तो शेवटी सांगतो, तेही उठून जाता जाता. म्हणून मी गप्प बसलो. तोही जायला निघाला, आणि खरोखरच वळून म्हणाला, "यंदा आमच्या घराची पाळी हाय, शेट."

गावात तेरा घरं. अमावास्येच्या पहाटे मशाली पेटवतात, दिवसभर नाच होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या चौथऱ्यावरून एक जण अक्रोड उधळतो. बाकीचं गाव ते वेचतं. हातात कुणी देत नाही, हातात कुणी घेत नाही. उधळायचा मान दरवर्षी एका घराचा. ज्याची पाळी त्या घरचा पुरुष त्या सकाळी हजर पाहिजे. नसला तर पिशवी पुढच्या घरी जाते आणि चुकलेली पाळी मग तेरा वर्षांनीच येते. मागच्या वेळी त्याच्या वडिलांनी अक्रोड उधळले होते. आता वडील नाहीत आणि हा एकुलता एक.

पाळी, वडील आणि देव. सुट्टी मागणारा या तीन गोष्टी सांगतोच. मी म्हणालो, "बघू."

थंडी पडायला लागली की आमचा हंगाम सुरू होतो. वाडीत राखण लागते ती तेव्हाच. वटवाघळं, खारी आणि माणसं, तिघांपासून. नेमक्या या दिवसांत राखणदार पंधरा दिवस गेला तर तो सणाला गेला की दुसऱ्याच्या वाडीवर गेला, हे कोण बघायला जाणार? आणि मला राखणदार पळवणारा कोण, हेही ठाऊक होतं.

नरपडला समुद्राच्या अंगाला एक जुनी वाडी आहे. तिथली झाडं माझ्या आजोबांच्या वयाची, चिकू लहान पण साखरेसारखा. ती वाडी मला मिळायची होती. मालक मुंबईला राहायचा. त्याचं माझं सगळं बोलणं झालं होतं, फक्त त्याने येऊन हातावर हात मारायचा बाकी होता. त्या चैत्रात माझा नवस होता, म्हणून मी बायकोला घेऊन महालक्ष्मीच्या यात्रेला गेलो. एकच दिवस. यात्रेच्या गर्दीत फोन लागेना. नेमका त्याच दिवशी मालक आला आणि तिथे उभा होता तो आमच्याच बरोबरीचा एक व्यापारी. स्टेशनबाहेर आम्ही शेजारी शेजारी टोपल्या मांडायचो, एकाच्या टोपलीवर दुसरा नजर ठेवायचा. मालकाने विचारलं, तो कुठे आहे? हा म्हणाला, "तो सणाला गेलाय. आज काही येत नाही." संध्याकाळपर्यंत वाडी त्याची झाली.

या गोष्टीला तोवर सात वर्षं झाली होती. तेव्हापासून मी कुठल्याही सणाला कुठेही जात नाही. नरपडवरून जायची वेळ आली तर मान दुसरीकडे वळवतो.

तर मी राखणदाराला तपासायला घेतलं. माझी एक रीत आहे. एखादी गोष्ट मी आज विचारतो आणि दोन दिवस जाऊ देऊन पुन्हा तीच विचारतो. खोटं बोलणाऱ्याला पहिलं उत्तर आठवत नाही.

दुपारी बायका भाकरी खायला बसल्या होत्या. मी त्याला म्हटलं, "तुझं गाव दाखव कुठे आहे ते." चिकू निवडतो त्या ताडपत्रीवर त्याने चिकूच्या काळ्या बिया मांडल्या. ही डोंगराची धार. ही खाली नदी. हा नदीवरचा पूल. इथे बस थांबते, तिथून चार तास चढण. उतारावर पायऱ्यांसारखी शेतं, एका पायरीवर बैल धड वळत नाही. थोडा गहू, थोडा मका, बाकी आलं आणि लसूण, नव्या पोरांनी आता टोमॅटो लावलेत. घरं लाकडाची, खाली गुरं, वर माणसं. आलं पाठीवरून रस्त्यापर्यंत आणायचं आणि तिथे बसलेल्या व्यापाऱ्याला द्यायचं.

"भाव कोण ठरवतो?"

"तो. ओझं उतरवलं की परत वर कोण नेणार?"

हे मला ताबडतोब पटलं. त्या रस्त्यावर मी बसलो असतो तरी असंच केलं असतं.

दोन दिवसांनी मी पुन्हा बिया मांडायला लावल्या. धार तीच, नदी तीच, गावात तेरा बिया. पण पूल हलला होता. परवा गावाच्या खाली होता, आज बोटभर वर.

"पूल हलला!" मी ओरडलो. बायकांनी भाकरी थांबवून बघितलं.

तो शांतपणे म्हणाला, "जुना पावसात गेला. नवा वर बांधला. परवा माझ्या मनात जुना होता."

बायका हसल्या. त्यांची जी मुकादमीण, ती तर ठसका लागेपर्यंत हसली. ती वीसेक वर्षं माझ्याकडे येते आहे. माझ्या रागाला न घाबरणारी ती एकटीच. तिला पाणी देऊन कुणीतरी पाठ थोपटली, तेव्हा ती म्हणाली, "शेट, नदीला कोण सांगल पूल जागेवर ठेव म्हणून? आमच्याकडं पण दर पावसात साकव जातो."

मला पूल नको होता, पुरावा हवा होता. घरी भिंतीवर कॅलेंडर आहे. मंगसीर म्हणजे आपला मार्गशीर्ष, एवढं कुणालाही समजतं. मी पान उलटलं. मार्गशीर्ष अमावास्या डिसेंबरच्या उत्तरार्धात. आणि हा सुट्टी मागत होता नोव्हेंबरात! चांगला महिनाभराचा फरक. तरीही खात्री करावी म्हणून मी डहाणू रोडला माझ्या खोकीवाल्याकडे गेलो. तो गुजराती, त्याच्या दुकानात त्यांचं कॅलेंडर. "मागशरनी अमास?" त्याने चष्मा वर करून बघितलं. "ए तो डिसेंबरमां आवे, काका." दोन भाषांतली दोन कॅलेंडरं एकच सांगत होती. मी मनात म्हटलं, सापडलास.

त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढलं आणि गुंडाळून वाडीवर नेलं. बायकोने दुधाच्या केलेल्या खुणा होत्या त्याच्यावर. ती मागून ओरडत होती, तिला म्हटलं, आज दूध तोंडी लक्षात ठेव.

राखणदारापुढे मी ते उलगडलं. "वाच. मार्गशीर्ष अमावास्या. कुठे आहे? आज कुठला महिना आहे?"

त्याने पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "काल पुनव झाली. आज मंगसीर लागला."

"इथे कार्तिक लिहिलंय! डोळे आहेत ना?"

"हे तुझं कॅलेंडर हाय."

"मग तुझं वेगळं आहे काय? चंद्र वेगळा आहे तुमच्याकडे?"

कॅलेंडर नीट गुंडाळून त्याने माझ्या हातात दिलं. मला वाटलं, बोलायला जागाच राहिली नाही. सुट्टी नाही, असं मी सांगून टाकलं, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

मुकादमीण त्या दिवशी हसली नाही. फळं धुवायच्या टाकीपाशी मला गाठून म्हणाली, "आमच्या गावदेवाचा दिवस तुझ्या कॅलेंडरात हाय का?"

"तुमचं तर दरवर्षी वेगळंच असतं." हे मी चिडून म्हणालो, कारण त्या बायका गावदेवाला म्हणून दर सालाला निराळ्या तारखेला गैरहजर राहतात, आणि ती थाप आहे असं मी वीस वर्षं धरून चाललो आहे.

"वेगळंच असणार. भात, नाचणी घरात आली की पाड्यातली जुनी माणसं बसून दिवस ठरवतात. शेजारच्या पाड्याचा दिवस निराळा. डोंगरात काम उरकल्याबिगर सण कसा व्हल? त्याचं पण डोंगराचंच गाव हाय."

"तू त्याची वकिली करू नकोस."

"तू सणाला गेला आन तुझी वाडी गेली, म्हणून आता कुणीच सणाला जायचं नाय?"

मी हातातलं क्रेट टाकीवर आपटलं. क्रेट फुटलं. ती मागे सरकलीसुद्धा नाही. म्हणाली, "हे तुझंच होतं," आणि कामाला गेली.

पुढच्या आठवड्यात माझा संशय पक्का व्हायला आणखी एक कारण मिळालं. भर दुपारी मी मोटरसायकलवरून येत होतो आणि राखणदार नरपडच्या रस्त्याने सायकल दामटत येताना दिसला. मागे कॅरियरला गोणपाटाचं गच्च बांधलेलं गाठोडं. मला बघून त्याने सायकल थांबवली नाही. नरपडला त्याचं काय काम? तिथे आमच्या ओळखीची एकच वाडी होती. मी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

अमावास्या चार दिवसांवर आली होती. कार्तिकातली, माझ्या कॅलेंडरप्रमाणे. दिल्लीला गाडी भरायची म्हणून मी ड्रायव्हरला फोन लावला. हाच तो, ज्याने राखणदाराला आणलं होतं. मूळचा उत्तरेतला, डोंगराखालच्या सपाट मुलखातला. बोलता बोलता तो म्हणाला, आता अगहन लागून दहा-बारा दिवस झाले, रस्त्याला धुकं सुरू झालंय, गाडीला वेळ लागेल.

"अगहन म्हणजे?" मी विचारलं.

"तुमचा मार्गशीर्ष, सेठजी."

"मार्गशीर्ष अजून लागायचा आहे."

"तुमचा लागायचा असेल. आपका महीना अमावस को पलटता है, हमारा पूनम को. अमावस तो वही एक है, नाम अलग."

आणि एकदम मला ऑम्लेट आठवलं. दोन वर्षांपूर्वी तलासरीच्या पुढे हायवेवरच्या धाब्यावर मी या ड्रायव्हरला ऑम्लेट मागवलं होतं. आषाढ चालू होता, आमच्याकडे सगळे पुढच्या महिन्यात मिळणार नाही म्हणून चापून खात होते. तो म्हणाला, माझा सावन लागला. मी हसलो होतो. ड्रायव्हर लोकांचं काहीतरी खूळ, असं म्हणून दोन्ही ऑम्लेटं मीच खाल्ली होती. म्हणजे ही गोष्ट माझ्या पानात वाढून ठेवली होती आणि मी ती खाऊन मोकळा झालो होतो.

आपली चूक आहे हे समोरच्याला कळलं की आपला भाव उतरतो. त्यामुळे वाडीवर गेल्यावर मी कॅलेंडराचं नावसुद्धा काढलं नाही. मी म्हणालो, "इतकं म्हणतोस तर जा. पण आठ दिवस."

तो म्हणाला, "पंधरा."

"आठ."

"जायला तीन, यायला तीन, शेट."

"म्हणजे गावात दोन दिवस मिळतात. अक्रोड उधळायला किती वेळ लागतो?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती झोपडीच्या दारात उभी होती. तिला मराठी कळतं, बोलत नाही. मी पुढे म्हणालो, "आणि ही इथेच राहील." यावर ती आपल्या भाषेत मुकादमिणीला काहीतरी म्हणाली. त्या दोघी एकमेकींची भाषा न शिकता बोलतात, कशा बोलतात ते मला समजलेलं नाही.

मुकादमीण म्हणाली, "ती म्हणं, मी काय तारण हाय का?"

"राखण करायला कुणीतरी पाहिजे की नको?" मी म्हणालो. खरं तर तारण म्हणूनच मी तिला ठेवत होतो, आणि ते वाडीतल्या चिकूंनासुद्धा कळलं असणार.

तो म्हणाला, "बरं. मी आज निघतो."

इथे मी थांबायला हवं होतं. पण समोरचा चटकन कबूल झाला की मला वाटतं आपण जास्त दिलं. मी म्हणालो, "उद्या गाडी भरायची आहे. भरून दे, मग परवा सकाळी जा." माल त्याच्यासारखा कुणाला बांधता येत नाही, हे खरंच होतं. पण दोन माणसं जास्त लावून तेही झालं असतं. मला फक्त शेवटचा शब्द माझा हवा होता.

त्याने दुसऱ्या दिवशी गाडी भरली. एकही खोकं हललं नाही अशी भरली. तिसऱ्या दिवशी सकाळी वापीहून गाडी पकडायला म्हणून तो निघाला, तिकडून उत्तरेच्या जास्त गाड्या मिळतात. पाठीवर तेच गोणपाटाचं गाठोडं होतं. मी म्हटलं, "यात काय आहे?" तो म्हणाला, "देवाचं हाय." आणि रिक्षात बसला.

नंतरचे दिवस मी वाडीतच काढले. त्याची बायको लांब काठीला फडकं बांधून पोपट उठवत फिरायची, माझ्याकडे बघायची नाही. फोन लावला की एक बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तेरा घरांच्या गावात टॉवर कशाला असेल, हे मला समजत होतं. पण नरपडच्या वाडीतही एका कोपऱ्यात फोन लागत नाही, हेही मला माहीत होतं.

पाचव्या दिवशी मला राहवेना. मी मोटरसायकल काढली आणि सात वर्षांत पहिल्यांदा नरपडच्या त्या वाडीपाशी जाऊन थांबलो. कुंपणाच्या मेंदीतून वाकून बघत होतो. झाडं तशीच होती, जरा जास्त पसरलेली. खालच्या फांद्या त्याने छाटायला हव्या होत्या, मी असतो तर छाटल्या असत्या. एवढ्यात मागून आवाज आला.

"आत येऊन बघ की. तिकीट नाही लावलं."

तोच व्यापारी होता. केस पांढरे झाले होते. हातात चहाचा पेला.

"माझा माणूस बघायला आलो," मी म्हणालो. खोटं सुचलंच नाही.

"तुझा पहाडी? तो इथे कशाला येईल? तो तर गावी गेला ना?"

"तुला काय माहीत?"

"नारळ घेऊन गेला माझ्याकडून. तेरा. एक एक वाजवून घेतला, तुझाच माणूस शोभतो." तो चहाचा घोट घेऊन म्हणाला, "तिकडे नारळ होत नाहीत म्हणे. देवळात प्रत्येक घराचा एक. मी म्हटलं, पाळी आहे तर चार दिवस आधीच निघ बाबा, डोंगरातला रस्ता आहे. तर म्हणाला, शेट सोडत नाही."

मी मोटरसायकलला किक मारली. ती दोनदा लागली नाही. तो उभाच होता. तिसऱ्यांदा मारताना मी विचारलं, सात वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते: "त्या दिवशी तू मालकाला का नाही सांगितलंस, की उद्यापर्यंत थांबा?"

त्याने पेला रिकामा केला. "तू थांबायला सांगितलं असतंस?"

गाडी सुरू झाली होती.

आठव्या दिवशी सकाळी राखणदार परत आला. नवव्या दिवशी नाही, आठव्याच. मी त्याची तयारी केली नव्हती. उशीर झाला असता तर काय बोलायचं ते सगळं मनात तयार होतं, ते वाया गेलं. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. त्याने हातपाय धुतले, झोपडीत जाऊन कपडे बदलले आणि तोडणीच्या काठीला जाळी बांधायला बसला.

मी जवळ जाऊन विचारलं, "उधळलेस अक्रोड?"

"नाय," तो म्हणाला. "वेचलं."

जाळीची गाठ त्याने दाताने ओढली. मग सांगितलं. अमावास्येच्या संध्याकाळी तो बसथांब्यावर उतरला, तेव्हा वर जाणारं कुणी नव्हतं आणि पायवाटेवर दव गोठलं होतं. खालच्या चहावाल्याने त्याला सोडलं नाही. सकाळी उजाडताच चढायला लागला. निम्म्या वाटेवर असताना वरून ढोल ऐकू आले आणि मग थांबले. तो पोचला तेव्हा पिशवी पुढच्या घरच्या माणसाने रिकामी केली होती, अंगणात शेवटचे काही अक्रोड राहिले होते. तेवढे त्याने वेचले. नारळ देवळात ठेवले. दुसऱ्या दिवशी उतरला.

एक दिवस. तो एक दिवस कुठे गेला ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो दिवस ताडपत्रीखाली पक्का बांधून मी दिल्लीला पाठवला होता.

मी वाट बघत राहिलो की आता हा बोलेल. मी असतो तर बोललो असतो. काठी मोडली असती, वाडी सोडली असती, दहा गावांत सांगत फिरलो असतो, सात वर्षं. तो जाळी बांधत राहिला. मला अशा शांततेचा भरवसा वाटत नाही, हे मी आधी सांगितलंच आहे.

दुपारी भाकरीच्या वेळी त्याने खिशातून अक्रोड काढले आणि ताडपत्रीवर सोडले. घरंगळत ते बायकांमध्ये गेले. त्यांनी ते हसत वेचले, ओट्यांत टाकले. एक माझ्या चपलेपाशी येऊन थांबला. मी तसाच उभा राहिलो.

"शेट," मुकादमीण म्हणाली, "वाक जरा. त्याच्यात हातात देत नाय."

मी वाकून उचलला. लहान होता, दगडासारखा कठीण. डहाणू रोडच्या दुकानात मिळतात ते पातळ टरफलाचे असतात, हा तसा नव्हता. हे मी लगेच पडताळून पाहिलं.

"पुन्हा पाळी कधी?" मी विचारलं.

"तेरा वर्षांनी."

"त्या वर्षी महिनाभर आधी जा."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "महिनाभर?"

"महिनाभर. बायकोला घेऊन."

"शब्द?"

"शब्द."

तीस वर्षांत घासाघीस न करता मी दिलेला हा बहुतेक पहिलाच शब्द. मुकादमीण म्हणाली, "आम्ही समद्यांनी ऐकलं हां."

संध्याकाळी घरी जाताना सरावलीच्या रेल्वे फाटकापाशी मला गाडी थांबवावी लागली. फाटक बंद होतं आणि हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला. तेरा वर्षांनी मी एकाहत्तर वर्षांचा असेन. वाडी मी वर्षाच्या बोलीने घेतो. सुट्टी द्यायची तर तोपर्यंत वाडी माझ्याकडे हवी, मी हवा, आणि तो माझ्याकडे कामाला हवा. म्हणजे एकही शब्द जास्त न बोलता, एकदाही आवाज न चढवता, त्या माणसाने साक्षीदारांसमोर माझ्याकडून तेरा वर्षांची नोकरी पक्की करून घेतली होती. पंधरा दिवसांचे आठ केले म्हणून मी खूश होतो.

त्याने हे मुद्दाम केलं की नाही, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. मधे दोनदा मी त्याला विचारलं, पुन्हा पाळी किती वर्षांनी म्हणालास? पहिल्यांदा म्हणाला, बारा. परवा म्हणाला, अकरा. माझ्या रीतीप्रमाणे उत्तर बदलायला नको होतं. पण मधे दोन दिवाळ्या गेल्या होत्या. त्याच्या धरल्या तरी दोनच.